पलीकडच्या उतारावरचे घुरड

पहिले दोन दिवस मला वाटत होते की ओढ्यापलीकडे राहणाऱ्या कोणाला तरी जोरदार सर्दी झाली आहे. पहाटे सहाच्या सुमारास, अंगणात चुलीचा धूर नुकता पसरू लागलेला असताना, समोरच्या अंधारट उतारावरून एक कोरडी, आखूड शिंक ऐकू यायची. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा एक, आणि कधी लागोपाठ पाच-सहा. पुण्यातल्या वाड्यात वाढलेल्या माणसाला शिंक म्हटली की भिंतीपलीकडचा शेजारीच आठवतो. त्यामुळे समोर घर नाही, वाट नाही, नुसता खडा उतार आहे, हे ध्यानात यायला मला तिसरा दिवस उजाडावा लागला. ज्यांच्या घरी मी उतरले होते त्या दीदींना मी शिंकेबद्दल विचारले, तेव्हा डोक्याला फडके घट्ट बांधत त्या हसल्या. घुरड आहे ते, त्या म्हणाल्या, त्याने बाघ पाहिला असेल. पहाडात बिबट्यालाही बाघच म्हणतात, हे मला तोवर ठाऊक झाले होते, त्यामुळे मी फार दचकले नाही. पण घुरड, म्हणजे हिमालयातले शेळीकुळातले ते रानटी जनावर, या शब्दाने मात्र मी चहाचा पेला खाली ठेवला.

हे गाव म्हणजे उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातले मंडल. गोपेश्वरहून चोपत्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालखिला नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे आणि त्याच्या वरच्या अंगाने केदारनाथ वन्यजीव अभयारण्य सुरू होते. १९७२ साली घोषित झालेले हे अभयारण्य मुळात कस्तुरीमृगासाठी प्रसिद्ध आहे. येणारे हौशी लोक तुंगनाथाला जातात, मोनाल पक्ष्याची छायाचित्रे घेतात आणि परततात. घुरडासाठी कोणी येत नाही. मीही आले नव्हते. ऑक्टोबर महिना होता, पाऊस सरला होता, गुडघ्यांना अजून चढ सोसत होता आणि अनसूया देवीच्या देवळापर्यंत चालत जावे एवढाच माझा बेत होता.

त्या दिवशी सकाळी दीदींनी गवत कापायला निघण्यापूर्वी मला अंगणाच्या कडेला उभे केले आणि हातातल्या विळ्याने, ज्याला त्या दाथुडी म्हणत, समोर खूण केली. ती दोन चीडची झाडे, त्यांच्याखाली तिरपा काळा खडक, खडकाच्या डाव्या अंगाला पिवळे गवत, त्या गवतात. मी दुर्बीण लावून पाहत राहिले. दोन झाडे सापडली, खडक सापडला, गवत तर सगळीकडेच होते. दीदी कंटाळून निघूनही गेल्या. ऊन हळूहळू उतारावरून खाली सरकत त्या खडकापर्यंत आले आणि मग जिथे मी दहा मिनिटे दगड पाहत होते, त्या दगडाने मान वळवली. गळ्याशी असलेला मळकट पांढरा पट्टा उन्हात चमकला, आणि एकदा तो दिसल्यावर बाकीचे सगळे घुरड जणू आपोआप आखले गेले: पाठीच्या कण्यावरून गेलेली काळपट रेघ, करड्या-तपकिरी राठ केसांचे अंग, मागे वळलेली दोन आखूड काळी शिंगे, आणि एकमेकांशेजारी घट्ट टेकलेले चार पाय, जे ज्या जागेवर टेकले होते ती जागा एखाद्या ताटलीपेक्षा मोठी नसावी.

आकाराने ते एका भरलेल्या बोकडाएवढे असते. खांद्यापाशी उंची जेमतेम ६५ ते ७० सेंटिमीटर, वजन साधारण ३५ ते ४० किलो, शिंगांची लांबी १२ ते १८ सेंटिमीटर. नराला आणि मादीला, दोघांनाही शिंगे असतात, त्यामुळे लांबून कोण कोण आहे हे सांगणे अवघड. नराची मान थोडी जाड आणि तिच्यावर आखूड आयाळीसारखे केस, एवढाच काय तो फरक. हिंदीत हा शब्द पुल्लिंगी आहे. माझ्या तोंडात मात्र तो पहिल्या दिवसापासून नपुंसकलिंगीच बसला, आपल्याकडच्या भेकरासारखा, आणि आता तो बदलेल असे वाटत नाही. गढवाली बोलण्यातही घुरड आणि काकड, म्हणजे भेकर, ही जोडगोळी सारखी एकत्र येते, त्यामुळे भेकराशी त्याची सोयरीक जोडणारी मी काही पहिली नाही.

सोयरीक म्हटली तरी रक्ताचे नाते मात्र नाही. मराठीत चितळही हरीण आणि काळवीटही हरीण. परंतु चितळाची, सांबराची, भेकराची शिंगे गळतात आणि पुन्हा नवी फुटतात, तर काळविटाची शिंगे जन्मभराची असतात, आत हाडाची खुंटी आणि वर गायीच्या शिंगासारखे आवरण. घुरड या दुसऱ्या घरातले आहे, आणि त्या घरातही शेळ्या-मेंढ्यांच्या माजघरातले. इंग्रजीत अशा प्राण्यांना शेळी आणि अँटिलोप ही दोन नावे एकत्र जोडून हाक मारतात, कारण पाहणाऱ्याला ते धड शेळीही वाटत नाहीत आणि धड काळविटाच्या जातीचेही वाटत नाहीत. एकेकाळी घुरड, सराव नावाचा त्याचा मोठा भाऊबंद आणि आल्प्स पर्वतातला शॅमॉय यांची एक स्वतंत्र टोळी मानली जात असे. पुढे जनुकांचा अभ्यास आला आणि ती टोळी मोडीत निघाली.

नावांचा हा गोंधळ जुना आहे आणि मला तो विलक्षण आवडतो. १८२५ साली थॉमस हार्डविक या कंपनी सरकारच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने गोरल या नावाने या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन छापले, आणि गंमत अशी की त्याच लेखात त्याने ज्या दुसऱ्या प्राण्याचे वर्णन केले तो आपल्या रानांतला चौशिंगा होता. म्हणजे महाराष्ट्रातल्या पानझडीच्या जंगलात राहणारे एक जनावर आणि हिमालयाच्या कड्यावरचे हे जनावर एकाच कागदावरून विद्वानांच्या सभेत गेले. दोन वर्षांनी त्याच्या प्रजातीला जे लॅटिन नाव मिळाले, नेमोऱ्हीडस, त्याचा अर्थ राईतले करडू असा होतो. राई हा शब्द चुकला, कारण घुरडाला दाट झाडी नको असते. पण करडू हा शब्द कोणीतरी अगदी नेमका निवडला. सरावाच्या बाबतीत तर आणखी मजा झाली. नेपाळात त्याला थार म्हणतात, आणि काठमांडूला ब्रिटिश रेसिडेंट राहिलेल्या ब्रायन हॉजसनने १८३१ साली तेच नाव शास्त्रात नेले. पण इंग्रज शिकाऱ्यांनी ते नाव उचलून भलत्याच प्राण्याला चिकटवले, ज्याला नेपाळी माणूस झारल म्हणतो. आज जगभर टार म्हणून ओळखली जाते ती ही झारल. त्याहून पुढे जाऊन दक्षिणेतल्या निलगिरीच्या कड्यांवरच्या प्राण्यालाही टारच म्हटले गेले, आणि त्याचे जवळचे नाते मेंढ्यांशी आहे हे २००५ साली जनुकांवरून उघड झाले. आपला सह्याद्री या सगळ्या कुळापासून कोरडा राहिला. कोकणकड्यासारखे कडे आपल्याकडे आहेत, त्यांच्यावर गवतही आहे, पण त्या गवतावर चरणारे रानटी शेळीकुळातले एकही जनावर महाराष्ट्रात नाही, ही गोष्ट मला त्या अंगणात उभी असताना पहिल्यांदाच खटकली.

पुढच्या दहा दिवसांत देवळाचा बेत एका दिवसात उरकला आणि बाकीचे दिवस मी त्या उताराला दिले. घुरडाचा दिवस पाहायला काही विशेष कौशल्य लागत नाही, बूड टेकून बसता यायला हवे. पहाटे उजाडता उजाडता ते चरू लागते. ऊन तापू लागले की वर सरकते आणि एखाद्या कपारीच्या तोंडाशी, पाठीशी खडक आणि समोर सगळी दरी अशा जागी बसून रवंथ करते. दुपार उतरली की पुन्हा चरायला निघते. ढगाळ दिवशी हे वेळापत्रक कोलमडते आणि ते केव्हाही चरताना दिसते. या बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात. ओढा ओलांडून मी एकदा खालच्या एका कपारीपर्यंत पोहोचले, तेव्हा तिथे लेंड्यांचा थर साचलेला होता: वरच्या काळ्या, ओलसर आणि चकचकीत, खालच्या करड्या, हलक्या, बोटांत चुरगळल्या की नुसता गवताचा भुसा. खडकाला अंग घासून घासून एक पट्टा गुळगुळीत झाला होता आणि त्याच्या चिरेत चार केस अडकले होते. शेळ्या पाळणाऱ्या कोणत्याही घराच्या गोठ्यात असतो तसाच वास तिथे होता, किंचित जास्त उग्र.

मी पाहत होते तो पाच जणांचा कळप होता. घुरडे बहुधा अशाच लहान कळपांनी राहतात आणि म्हातारे नर एकेकटे. एका कळपाचा वावर साधारण ४० हेक्टरांत, म्हणजे शंभर एकरांत असतो. कागदावर हा आकडा मोठा वाटतो, पण शंभर एकर उभे करून ठेवले तर ते अंगणातून एका नजरेत मावतात, आणि त्या नजरेत मावणाऱ्या जागेत हा प्राणी, बिबट्याच्या तावडीत सापडला नाही तर, चौदा-पंधरा वर्षे काढू शकतो. समोरच्या घरात कोण केव्हा उठते आणि कोणते कुत्रे कोणाचे आहे, हे त्याला गावातल्या पोस्टमनइतके ठाऊक असणार.

कळपात एक मादी होती आणि तिच्याजवळ त्या वर्षीचे करडू. हिवाळ्याच्या तोंडाशी, नोव्हेंबर-डिसेंबरात ही जनावरे माजावर येतात आणि सहा-सात महिन्यांनी, मे-जूनमध्ये, मादीला बहुधा एकच पिल्लू होते, म्हणजे पहिल्या पावसाने गवत कोवळे फुटते तेव्हा आईला दूध उतरायला चारा असतो. मी पाहिले ते करडू पाच महिन्यांचे असावे, चांगले चरत होते, तरीही मधूनच पळत येऊन पुढचे गुडघे टेकून आईच्या कासेला ढुशा देत होते आणि त्याची आखूड शेपटी पंख्यासारखी हलत होती. हे सगळे ज्या जागी चालले होते तिथून खाली निदान दोनशे फूट काही नव्हते. दोन-तीन ढुशा खाऊन आई एक पाऊल पुढे सरकली आणि करडू तिच्यामागे त्या पट्टीवरून असे वळले, जसे एखादे मूल सतरंजीवर कूस बदलते. शेळीकुळातल्या पहाडी जनावरांच्या खुराची कडा कठीण आणि आतली गादी मऊ असते, कडा धारेत रुतते आणि गादी खडकाला धरून राहते, हे मी वाचलेले होते. ते वाचलेले असूनही माझ्या पोटात खड्डा पडला.

घुरडाच्या शिंगांबद्दल मात्र मला सुरुवातीला थोडी कणव वाटली होती. हिमालयातच त्याच्या चुलतभावंडांपैकी मारखोरची शिंगे मळसूत्रासारखी पिळदार असतात, आयबेक्सची कोयत्यासारखी वळतात, आणि याच्या वाट्याला हे दोन खिळे. पण मेंढ्या आणि शेळ्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी या खिळ्यांचा एक समर्पक अर्थ लावला आहे. उघड्या माळांवर मोठ्या कळपांनी फिरणाऱ्या जाती डोक्याला डोके आपटून ताकद अजमावतात, आणि त्यासाठी जाड, वळलेली, टक्कर झेलणारी शिंगे लागतात. तर घुरड आणि सराव यांच्यासारखी, आपल्या ठरलेल्या तुकड्याची राखण करणारी जनावरे टक्कर घेत नाहीत, ती भोसकतात. भोसकण्याचे हत्यार जवळ असले की भांडण परवडत नाही, म्हणून शक्यतो ती अंग फुगवून, आडवी उभी राहून, मान वाकडी करून एकमेकांना पिटाळतात. जुन्या वाड्यांतल्या भाऊबंदकीत मी वर्षानुवर्षे नेमके हेच पाहिले आहे, त्यामुळे शिंगांबद्दलची माझी कणव त्या दिवसापासून संपली.

सराव मला दिसला नाही. अनसूया देवीच्या वाटेवर, बांजाच्या, म्हणजे पहाडी ओकच्या, गर्द सावलीत, वाट दाखवायला बरोबर आलेल्या भैजींनी एका कोंदट घळीकडे बोट केले आणि तिथला लेंड्यांचा मोठा ढीग दाखवला. सराव पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. तो घुरडाच्या दुप्पट-अडीचपट वजनाचा, काळा, गाढवासारख्या लांब कानांचा, एकटा राहणारा प्राणी, आणि डोळ्यांपुढच्या ग्रंथींतून येणारा स्राव झाडाखडकांना फासत तो आपली हद्द आखतो. मिझोरमने त्याला राज्यप्राणी केले आहे. घुरड गवताळ उतारावर, सराव झाडीने भरलेल्या घळीत, झारल त्यांच्याही वर उघड्या कड्यांवर, अशी एकाच पहाडाची वाटणी या तिघांनी केलेली आहे. ही वाटणी अभ्यासकांनी याच अभयारण्यात मोजमाप करून नोंदवली. भैजींनी ती मला घळ, उतार आणि कडा यांच्याकडे तीनदा बोट करून सांगितली.

घुरडाच्या वाट्याला आलेला हा गवताळ उतार म्हणजे बहुधा दक्षिणेकडे तोंड असलेला, उन्हाने तापणारा, कोरडा उतार. समोरासमोरच्या दोन कुशींत ही तफावत लगेच दिसते: उत्तरेच्या कुशीत बांज आणि बुरांशाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) झाडे, शेवाळ आणि ओल, दक्षिणेच्या कुशीत गवत आणि कुठे कुठे एखादा चीड. पावसाळा संपता संपता हेच गवत गावातल्या बायकांना हवे असते, कारण हिवाळ्यातले सगळे महिने गोठ्यातली गाय त्यावर काढायची असते. सूर्य उगवल्यापासून दुपारपर्यंत कापणी चालते, भारे पाठीवरून घरी येतात आणि मग झाडाच्या खोडाभोवती त्यांच्या उंच गंज्या रचल्या जातात. दरवर्षी या पहाडात कुठे ना कुठे गवत कापताना पाय घसरून कोणीतरी बाई दरीत जाते. दीदींच्या माहेरी एकजण अशी गेली होती. त्यांनी ते भाकरीवर तूप घालता घालता, आवाज न बदलता सांगितले.

त्या गवतातल्या एका जातीशी माझी जुनी ओळख निघाली. संध्याकाळी पायमोजे काढले तर त्यांत कुसळे, आणि तीही अशी वळून, आट्या घेऊन रुतलेली की एकेक उपटून काढावे लागले. ही कुसळीच होती, आपल्या माळरानांवर असते तीच. ती कोवळी असताना घुरड तिच्यावर तुटून पडते आणि कुसळे धरली की तोंड फिरवते, असे दीदी म्हणाल्या. गाईसुद्धा तसेच करते, त्यात घुरडाचे मोठेसे काही नाही. म्हणून हिवाळा संपताना लोक उतार पेटवतात, जुने गवत जळते, राखेतून नवे फुटते, आणि त्या हिरव्या लवेवर गाय आणि घुरड दोघांचाही डोळा असतो. हीच आग मे महिन्यात चीडच्या वाळक्या पानांत शिरली की काय होते ते २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत उत्तराखंडाने पाहिले. मादी त्याच दिवसांत वीत असते.

घुरड आज संकटसमीप प्राण्यांच्या यादीत आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात. मांसासाठी चोरटी शिकार, मोकाट कुत्री, रस्त्यांसाठी फोडले जाणारे डोंगर, अशी कारणे कोणीही सांगेल. मला मात्र दीदींच्या बोलण्यातली एक वेगळी गोष्ट लक्षात राहिली. वरच्या वाडीतली घरे बंद झाली, माणसे डेहराडूनला गेली, गाई विकल्या गेल्या, आणि आता त्या वाडीखालचा उतार कोणी कापत नाही. पहिली दोन-तीन वर्षे गवत कमरेएवढे झाले आणि मग त्यात काटेरी झुडपे शिरली. घुरड तिथे आता बसत नाही, त्या म्हणाल्या, त्याला पलीकडचे दिसायला हवे ना. हे सगळ्याच ओसाड गावांना लागू पडेल असा दावा मी करणार नाही, पण माणूस निघून गेला की रान आपोआप सुखी होते, ही माझी शहरी समजूत त्या वाक्याने थोडी तरी खरवडली गेली.

शेवटच्या दिवशी मी हट्टाने कापणीला बरोबर गेले. विळा माझ्या हातात द्यायला कोणी तयार नव्हते, तेव्हा एका रुंदशा जागी खडकाला टेकून बसले. खाली चार बायका ओळीने कापत सरकत होत्या आणि सगळ्याजणी एकाच वेळी बोलत होत्या, सासू, शाळा, गॅसचा सिलिंडर, कोणाच्या तरी लग्नातला साऊंड. वर, माझ्यापासून फार तर सत्तर पावलांवर, करडू आणि त्याची आई आली होती. त्या बोलण्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. मी श्वास रोखून, अंग आखडून, अगदी दगडासारखी स्थिर होऊन पाहू लागले, आणि आईने मान उचलली, पुढचा पाय आपटला आणि माझ्याकडे रोखून पाहत ती शिंकली. आणखी एकदा शिंकली. करडू तिच्या पोटाशी सरकले.

खालून दीदी ओरडल्या, 'चूप मत बैठो! बोलो कुछ भी!' गप्प बसून टक लावून कोण पाहते, बाघच ना, त्या म्हणाल्या. आता ऐन वेळी काय बोलणार, मला एकही वाक्य सुचेना, तेव्हा शाळेत छडी खाऊन पाठ केलेला एकोणतीसचा पाढा मी मोठ्याने सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. घुरडाचे कान एकदा पुढे, एकदा मागे झाले. मी चौकाला अडखळले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, आणि दुसऱ्या खेपेला अठ्ठावन्नपर्यंत पोहोचता पोहोचता तिने पुढचे गुडघे दुमडले, अंग खाली टेकले आणि ती रवंथ करू लागली.